केळशी ते दाभोळ किनाऱ्याने पायी मोहीम आणि तंबूतील मुक्काम : आयोजकाला काय विचारावे?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमचा नाशिकमधील नियमित चालणाऱ्यांचा एक गट आहे. अंजनेरी, हरिहर, रामशेज ही आमची नेहमीची ठिकाणे असून कळसूबाई आणि साल्हेरही बहुतेकांचे झाले आहेत. या हिवाळ्यात डोंगराऐवजी समुद्राच्या काठाने चालावे असे सर्वांच्या मनात आहे. एका आयोजकाने दापोली तालुक्यातील केळशीपासून आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे असे करत दाभोळपर्यंत पाच दिवसांची मार्गदर्शित मोहीम सुचवली आहे. मुक्काम पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) तंबूत, जेवण आयोजकाकडे आणि जड सामान पुढच्या मुक्कामी गाडीने, अशी व्यवस्था आहे. पत्रकात रोज सकाळी आठ वाजता प्रस्थान, दुपारी एक वाजता जेवण आणि सायंकाळी पाचपर्यंत मुक्कामी पोहोचणे असे वेळापत्रक दिले आहे. तारखा नाताळच्या सुट्टीतील आहेत.

माझी अडचण अशी आहे की आमच्यापैकी कोणालाही समुद्राची ओळख नाही. कड्यावरची वाट कशी आहे, दोर कुठे लागेल, पाऊस आला तर कुठून उतरायचे, एवढे आम्हाला पाहून समजते. भरती-ओहोटीबद्दल मात्र आम्हाला शाळेतल्या भूगोलापलीकडे काही सांगता येणार नाही. गटात आठवीत शिकणारी दोन मुले आणि साठी ओलांडलेले एक सदस्य आहेत. आयोजकाचे प्रमुख गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेतलेले आहेत आणि बोलायला अतिशय सौजन्यशील आहेत, पण मला त्यांना नेमके काय विचारायचे हेच सुचत नाही. या भागात चाललेल्या किंवा तिथे राहणाऱ्या मंडळींनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन. पुळणीवर तंबू ठोकणे योग्य आहे का, आणि कासवांच्या हंगामात त्याचा त्रास होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

सागरवाट (नाशिकरोड)

नमस्कार ताई. आपण पत्रकातील वेळापत्रक दिलेत हे फार बरे केलेत, कारण माझ्या मते आयोजकाची पारख त्या एका ओळीवरच होऊ शकते. पाचही दिवस सकाळी आठलाच निघायचे असे ज्याने छापले आहे, त्याने ते वेळापत्रक डोंगरातल्या सवयीने लिहिले असावे. किनाऱ्यावर दिवसाची आखणी पाणी करते. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पहिल्या दिवशी आठ वाजता जिथे कडक ओली वाळू पायाखाली मिळेल, तिथेच चार दिवसांनी आठ वाजता निघाल्यास ओहोटी संपायला अजून तीनेक तास बाकी असतील.

कोकणातील कोळी आणि जुने खलाशी यासाठी तिथीचा हिशेब वापरतात, आणि घरातल्या दिनदर्शिकेवरून तो कोणालाही करता येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि तिच्या आधी व नंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, तर ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा आणि अमावास्येला दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. हा हिशेब दोन्ही पक्षांना लागू पडतो. तो ढोबळ आहे, म्हणून प्रत्यक्ष मोहिमेसाठी त्या त्या बंदराचे छापील भरती-कोष्टक पाहावेच, पण आयोजकाच्या तारखा पारखायला एवढे पुरते.

आता यातून तारखा कशा निवडायच्या ते सांगतो. चालण्याची उत्तम वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते, म्हणजे निम्मा वेळ अंधारात जातो. अष्टमीच्या जवळपास ती दुपारच्या उन्हात येते, शिवाय त्या दिवसांत भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असल्यामुळे पाणी फारसे मागे हटत नाही आणि खडपांच्या (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागांच्या) पायथ्याची वाट मोकळी होत नाही. द्वितीयेपासून षष्ठीपर्यंतचे पाच दिवस घेतले तर ओहोटी अनुक्रमे साडेसात, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा आणि साडेदहाच्या आसपास येते. पाच दिवसांच्या मोहिमेला याहून सोयीचा काळ मिळणार नाही. आयोजकाला आपण एवढेच विचारा की, "आपण या तारखा कोणत्या तिथीवरून ठरवल्यात?" उत्तर सुट्ट्यांच्या आधारे आले तर पुढचे प्रश्न अधिक काळजीपूर्वक विचारावे लागतील.

मोकळ्या कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते, हेही लक्षात असू द्यावे. भरतीच्या वेळी चालणारा गट वरच्या भुसभुशीत वाळूत ढकलला जातो, आणि पंधरा किलोमीटरचा सोपा दिवस साठीच्या सदस्यासाठी फार कठीण होऊन बसतो. सपाट आहे म्हणून किनारा सोपा, हा समज सह्याद्रीत चालणाऱ्यांमध्ये फार पक्का आहे आणि तो सोडूनच निघावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसरा प्रश्न खडपांविषयीचा. या किनाऱ्यावर दोन पुळणींच्या मध्ये डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरलेली अनेक ठिकाणी दिसते. तिच्या पायथ्याने खडकांवरून जाता येते, पण ते ओहोटीतच. मध्यावर पोहोचल्यावर पाणी वाढू लागले तर मागेही जाता येत नाही आणि पुढेही. म्हणून प्रत्येक सोंडेसाठी मार्गदर्शकाला तीन गोष्टी माहीत असाव्यात : तिथे किती वाजेपर्यंत शिरायचे, किती वाजल्यानंतर अजिबात शिरायचे नाही, आणि मधूनच वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळी पठारावर) निघणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कुठे आहे. नकाशा समोर ठेवून त्याला हे विचारा. ज्याने तो भाग ओहोटीत आणि भरतीत दोन्ही वेळा पाहिला आहे, त्याला उत्तर देताना थांबावे लागणार नाही.

आगरवासी (दापोली तालुका)

वरील प्रतिसादातील तिथीचा हिशेब अगदी बरोबर आहे. आमच्याकडे लहान मुलेही तो करतात. मी इथला रहिवासी म्हणून थोडे वेगळे मुद्दे मांडतो.

सर्वप्रथम, ही सगळी वाट एकांताची आहे अशी अपेक्षा ठेवून येऊ नये. मुरूड, कर्दे आणि लाडघर या पुळणींवर नाताळच्या दिवसांत इतकी गर्दी असते की तंबूला शांत जागा मिळणे कठीण, आणि वाळूवर गाड्या फिरवणारे पर्यटक हा आमचाही त्रासाचा विषय आहे. खरा निवांत किनारा केळशी ते आंजर्ले आणि लाडघरच्या पुढे कोळथरे ते दाभोळ या दोन टप्प्यांत आहे. माझी सूचना अशी की तंबूचे मुक्काम या दोन टप्प्यांत ठेवावेत आणि मधले मुक्काम गावातल्या घरगुती निवासात करावेत. जानेवारीतले आठवड्याचे मधले दिवस निवडता आले तर फारच उत्तम. मुरूडला थांबलात तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले हे मुलांना अवश्य सांगा. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो, आणि समोरचा सुवर्णदुर्ग पाहायचा तर त्यासाठी होडीचे वेगळे गणित मांडावे लागते. चालण्याच्या दिवसातच तो कोंबू नये.

खाड्यांबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण बाहेरून येणारे लोक खडपांना घाबरतात आणि खाडीला घाबरत नाहीत. केळशीजवळ भारजा नदीची खाडी आहे, आंजर्ले आणि हर्णैच्या मध्ये जोग नदीची. ओहोटीत खाडीचे मुख अरुंद आणि उथळ दिसते, आणि समोरचा काठ हाकेच्या अंतरावर असतो. पण ओसरणारे पाणी त्या अरुंद मुखातून समुद्राकडे जोराने ओढ घेते, तळाशी कुठे रेती तर कुठे मांडीपर्यंत रुतवणारा गाळ असतो, आणि खडकांना चिकटलेली कालवे तळपाय चिरून काढतात. त्यामुळे खाडी मुखाशी चालत ओलांडायची नाही, मग ती कितीही सोपी दिसो. पुलावरून किंवा गावातल्या होडीने जायचे, आणि होडीत प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे. आयोजकाने गावातल्या होडीवाल्याशी आधी बोलणे केले आहे का, हे जरूर विचारा. ज्याचे गावात कोणाशी बोलणेच नाही, तो मार्गदर्शक आणि तुम्ही यांत इथे फारसा फरक उरत नाही. मोहिमेत किमान एक स्थानिक माणूस पूर्ण वेळ बरोबर असावा, असा आग्रह धरा. त्याचे मानधन आयोजक काय देतो हेही विचारायला हरकत नाही.

पोहण्याबाबत एकच सांगतो. दिवसभर चालून घामेजलेली मुले संध्याकाळी पाण्यात शिरतात, नेमकी तेव्हा ओहोटी लागलेली असेल तर पाणी आत ओढत असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडला सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, ती घटना इथल्या किनाऱ्यावरचा कोणीही विसरलेला नाही. गुडघ्यापलीकडे पाण्यात जायचे नाही असा नियम आयोजकाने पहिल्याच दिवशी सांगावा आणि मोठ्यांनीही तो पाळावा.

कासवांविषयी आपण विचारलेत याचा आनंद वाटला. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, दाभोळ या सर्व किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वर येतात आणि सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. मंडणगड तालुक्यातील वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांबरोबर संवर्धनाचे काम सुरू केले, आणि पूर्वी अंडी चोरीला जात असत त्या गावात आज लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात. पुळणीवर उजेड आणि हालचाल दिसली तर मादी अंडी न घालता परत फिरते. पिल्ले तर जिकडे उजेड असेल तिकडे चालू लागतात, म्हणजे तंबूतला दिवा त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतो. म्हणून अंडी घालण्याच्या पट्ट्यात पुळणीवर तंबू नकोच. मागे सुरूच्या बनात, किंवा मालकाच्या संमतीने एखाद्या आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) तंबू लावावा, दिवे कमीत कमी आणि खाली झुकलेले ठेवावेत, शेकोटी टाळावी. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आणि गावातल्या कासवमित्राशी बोलणे या दोन्ही गोष्टी आयोजकाने आधीच केलेल्या असाव्यात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. आगरात नारळाच्या झाडाखाली मात्र तंबू लावू नये. झावळी किंवा नारळ केव्हा पडेल ते सांगता येत नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी (सिडको, नाशिक)

माझी काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी झाली आहे, त्या अनुभवावरून आरोग्याविषयी लिहितो.

नाशिकची थंडी कोरडी असते. आपल्याकडे डिसेंबरात चालताना घाम आला तरी वाळून जातो आणि शरीर थंड राहते. किनाऱ्यावर हवेतच ओलावा असल्यामुळे घाम वाळत नाही, अंगावरून नुसता वाहतो, आणि पारा फार चढलेला नसतानाही माणूस थकून जातो. प्रत्येकाने मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे जवळ ठेवावीत आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पाणी कोणत्या गावात, कोणत्या विहिरीवर भरायचे हे आयोजकाने ठरवलेले असावे, कारण खाडीजवळच्या काही विहिरींना मचूळ पाणी असते. साठीच्या सदस्यांनी निघण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. मिठाचे पाणी त्यांनी किती घ्यावे हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरी गोष्ट विंचू आणि साप. कोकणातला लाल विंचू आकाराने लहान असला तरी त्याचा दंश गंभीर ठरू शकतो. दंशानंतर भरपूर घाम, हातपाय गार पडणे, उलटी, छातीत धडधड अशी लक्षणे दिसली तर ती साधी वेदना समजू नये. पूर्वी या दंशाने मुले दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून हे मृत्यू कसे टाळता येतात ते दाखवून दिले, आणि त्यांच्या कामाची दखल जगाने घेतली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचे तात्पर्य, उपचार आहे आणि तो वेळेत मिळाला पाहिजे. रात्री बूट तंबूच्या आत ठेवावेत, सकाळी झटकून घालावेत, तंबूची चेन (झिप) कायम बंद असावी, आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. विजेरीचा झोत मात्र पायाजवळ ठेवावा, म्हणजे वर कासवांविषयी लिहिलेलेही पाळले जाईल.

सड्यावर फुरसे हा विषारी साप आढळतो. तो कातळाच्या रंगात इतका मिसळतो की दिसत नाही. पूर्ण पाय झाकणारी विजार आणि घोट्यापर्यंतचे बूट सड्यासाठी आवश्यक आहेत, पुळणीवर मात्र वाळू आत न साठणाऱ्या चपला बऱ्या. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे किंवा जखम कापणे हे प्रकार पूर्णपणे टाळून, अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. आपण चालाल त्या सगळ्या पट्ट्यासाठी दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय मध्यवर्ती आहे. आयोजकाला विचारा की, मोहिमेच्या प्रत्येक टप्प्यावरून गाडीरस्ता किती अंतरावर आहे आणि सामानाची गाडी त्या वेळी कुठे उभी असेल. १०८ ही रुग्णवाहिकेची आणि १५५४ ही तटरक्षक दलाची सेवा सर्वांच्या फोनमध्ये नोंदवलेली असावी.

कातळकडा (पंचवटी, नाशिक)

आयोजकाच्या कागदपत्रांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. राज्याच्या पर्यटन विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीची प्रत, विम्याची प्रत आणि मार्गदर्शकांची प्रथमोपचाराची प्रमाणपत्रे मागा. चांगला आयोजक न मागताही ती देतो. गिर्यारोहणाचे प्रशिक्षण ही जमेची बाजू आहेच, पण पाण्यातून माणूस बाहेर काढण्याचे शिक्षण त्यात नसते. ते गटातील दुसऱ्या कोणाकडे आहे का, असे स्पष्ट विचारा.

तंबूबद्दल थोडे. डोंगरात वापरतो त्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या पुरल्या तर तंबू हलत नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, त्यामुळे संध्याकाळी पाहिलेली दिशा पहाटे उलटलेली असते. तंबूवर दवही भरपूर पडते, तेव्हा झोपण्याच्या पिशव्या प्लास्टिकमध्ये घ्या. जागा निवडताना वाळूवर कचऱ्याची आणि शिंपल्यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते तिच्या बरीच मागे जागा हवी, आणि उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) जवळ येत असेल तर ती रेघही पुरेशी मानू नये. द्वितीया ते षष्ठी या दिवसांत रात्रीची भरती दीड ते साडेचारच्या दरम्यान येईल, म्हणजे सगळे गाढ झोपेत असताना.

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज आयोजकांशी सविस्तर बोलणे झाले. तिथीचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी वेळापत्रक ठोकळेबाज असल्याचे मान्य केले आणि जानेवारीतील द्वितीया ते षष्ठीच्या तारखा देण्याची तयारी दाखवली. आंजर्ले परिसरातील एक स्थानिक गृहस्थ पूर्ण वेळ बरोबर असतील, हेही ठरले. नोंदणीची आणि विम्याची प्रत मिळाली आहे. होडीसाठी जाकिटे मात्र त्यांच्याकडे पुरेशी नाहीत आणि "होडीवाल्याकडे असतात," असे उत्तर मिळाले. मुलांच्या मापाची असतील का, याची मला शंका आहे. दुसरे असे की, समुद्र खवळलेला असल्यास एखादा टप्पा रद्द करावा लागला तर काय, यावर त्यांच्याकडे लेखी काही नाही. याबाबत काय करावे?

सागरवाट (नाशिकरोड)

ताई, जाकिटांच्या बाबतीत तडजोड करू नका. मुलांच्या मापाची दोन जाकिटे आपण नाशिकहून भाड्याने घेऊन सामानाच्या गाडीत टाकू शकता, आणि ती होडीत बसण्यापूर्वी घालून, पट्टे आवळून पाहावीत. मोठ्या मापाचे जाकीट मुलाच्या अंगातून वर निसटते.

रद्द करण्याबाबत आयोजकाकडून दोन ओळी लिहून घ्या. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र किनाऱ्यावरील उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. आदल्या संध्याकाळी तो इशारा आणि हवामान विभागाचा अंदाज पाहून निर्णय घ्यायचा, आणि रत्नागिरी जिल्ह्यासाठी इशारा असल्यास खडपांची वाट आणि होडी दोन्ही सोडून सड्यावरून किंवा गाडीने पुढच्या गावी जायचे, असे त्यात स्पष्ट असावे. अशा दिवसाचे पैसे परत मागू नयेत असे मला वाटते. पैशांची भीती असलेला मार्गदर्शक नको त्या दिवशी पुढे निघतो. त्याऐवजी गाडीचा जादा खर्च गटाने वाटून घ्यावा, हेही त्याच कागदावर लिहून टाका.

आगरवासी (दापोली तालुका)

सागरवाट यांच्याशी सहमत आहे. फक्त एक जोड देतो. इशारा नसला तरी सकाळी गावातल्या होड्या समुद्रात गेल्या आहेत का ते पाहा, आणि गेल्या नसतील तर का गेल्या नाहीत ते होडीवाल्याला विचारल्याशिवाय निघू नका. केळशीत महालक्ष्मीच्या देवळाजवळ पोहोचलात की इथे कळवा. खाडीजवळच्या वाळूच्या उंच टेकडीवर मुलांना चढू देऊ नका, ती अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची आहे आणि आधीच झिजत चालली आहे. तिच्या बाजूने पुळणीवर उतरणारी वाट आपल्या स्थानिक सोबत्याला ठाऊक असेल.